गैरहजर शिपायाच्या एका दिवसाबाबत

प्रति,
मा. साहाय्यक उमेदवारी अधिकारी,
कारागीर उमेदवारी साहाय्य कचेरी,
उस्मानाबाद.

अर्जदार : ज्ञानोबा रामलिंग पांचाळ, वय ५४, धंदा सुतारकी (बैलगाडीची चाके), मु. पो. लोहारा, ता. उमरगा.

विषय : आपल्या कचेरीतील शिपाई उत्तरेश्वर याचा दि. १३ ऑगस्ट १९६३ हा दिवस कामावर धरण्याबाबत व त्याला नोकरीवरून कमी न करण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा विद्यावेतनाचा अर्ज, दि. ५ नोव्हेंबर १९६२. २) आपले नामंजुरीचे पत्र, दि. ८ ऑगस्ट १९६३. ३) उत्तरेश्वर यास दिलेली नोटीस, दि. १६ ऑगस्ट १९६३.

महोदय,

अर्जदार सादर करतो की,

१. अर्जदार तीस वर्षे चाके करतो. निजामाच्या अमलात त्याला कोणी मदत केली नाही, पण त्रासही दिला नाही. पुढे आपली कचेरी निघाली आणि तिने जाहीर केले की जो गावचा कारागीर उमेदवार ठेवून धंदा शिकवील, त्याच्या उमेदवाराला सरकार दरमहा विद्यावेतन देईल व कारागिराला हत्यारांसाठी साहाय्य करील. अर्जदाराने हे खरे मानले. अर्जदाराची एवढी एकच चूक या प्रकरणात आहे, व ती तो कबूल करतो.

२. त्या वेळी अर्जदाराकडे उत्तरेश्वर शिकत होता. गावातील विधवा कस्तुराबाई हिचा तो मुलगा, वय १९. तीन वर्षांत तो चाकाचे आरे करायला शिकला, मधला तुंबा करायला शिकला. राहिली होती फक्त धाव, म्हणजे चाकाची लोखंडी पट्टी मापून, तापवून चढवणे. तिला आणखी एक वर्ष लागते. अर्जदाराचा उजवा हात गेल्या वर्षापासून थरथरतो आणि पंचक्रोशीत धाव मापणारा दुसरा माणूस उरलेला नाही, म्हणून ते वर्ष महत्त्वाचे होते. कस्तुराबाईने स्पष्ट सांगितले होते, "पाडव्यापर्यंत कसंबी भागवते मिस्त्री. म्होरं न्हाय जमायचं."

३. आपल्या छापील नमुन्यात 'सुट्टीचा दिवस' असा रकाना आहे. अर्जदाराने 'अमावास्या' असे लिहिले. या भागातले सुतार, लोहार, गवंडी अमावास्येला हत्याराला हात लावत नाहीत, ही गोष्ट कचेरीच्या जन्माआधीपासूनची आहे. आपल्या कारकुनाने ते खोडून 'रविवार' केले. विचारले तेव्हा तो म्हणाला की रकान्यात वार बसतो, तिथी बसत नाही. पुढचे सगळे या रकान्यातून झाले आहे.

४. दि. २६ डिसेंबर १९६२ रोजी, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला, निरीक्षक श्री. आष्टेकर तपासणीस आले. त्या दिवशी इकडे येळवशीचा सण असतो. गावात कुलपे आणि माणसे रानात, कडब्याच्या कोपीपुढे पंगतीत, हे या जिल्ह्यातल्या बैलांनाही ठाऊक आहे. साहेबांनाही ठाऊक असावे, कारण ते एस.टी.तून उतरले ते दुकानाकडे न जाता थेट अर्जदाराच्या दोन एकराच्या तुकड्यात आले. पालेभाज्यांची भज्जी दोनदा घेतली, खीर दोनदा घेतली. आंबील किती वेळा घेतली ते अर्जदाराची पत्नी कमलबाई सांगू शकली असती, परंतु पाहुण्याचे घास मोजायची तिला सवय नाही. वाढायला उत्तरेश्वरच होता. चावी आणतो, दुकान उघडून दाखवतो, असे अर्जदाराने दोन वेळा म्हटले. त्यावर साहेब म्हणाले, "आज कसलं काम मिस्त्री? येळवशीला कुणी काम करतं का?" मग ते कोपीच्या सावलीत झोपले. दुपारच्या गाडीने परत जाऊन त्यांनी लिहिले : 'कामाच्या दिवशी दुकान बंद. कारागीर व उमेदवार दोघेही गैरहजर.'

५. अर्जदाराने फेरतपासणी मागितली. साहेबांची सासुरवाडी नळदुर्गला आहे, तिकडे आलेच होते म्हणून दि. १७ मार्चला ते लोहाऱ्यास आले. त्या दिवशी रविवार होता. दुकान चालू होते आणि उत्तरेश्वर तुंबा कोरत होता. साहेबांनी तासभर उभे राहून पाहिले, पोरगा चलाख आहे असे तोंडाने म्हणाले, आणि शेरा दिला : 'सुट्टीच्या दिवशी काम चालू, नियमभंग. सुट्टी असल्याने उपस्थित इसमास उमेदवार समजता येत नाही.' अर्जदाराने हा शेरा चार जणांकडून वाचवून घेतला. चौघांनीही तो दोनदा वाचला.

६. पाडवा झाला. कस्तुराबाई शब्दाला जागली, तिने तोवर भागवले; कचेरी जागली नाही. जूनमध्ये आपल्या कचेरीला शिपाई पाहिजे होता तेव्हा आष्टेकर साहेबांना जिल्ह्यात एकच चलाख पोरगा आठवला. जो उमेदवार म्हणून दोन वेळा तपासणी करून सापडला नाही, तो शिपाई म्हणून एका पोस्टकार्डात सापडला. गावोगावच्या कारागिरांना शिकाऊ माणसे मिळावीत म्हणून निघालेल्या कचेरीने अर्जदाराचे एकुलते एक शिकाऊ माणूस नेऊन चहा आणायला ठेवले. याला योजनेत कोणते कलम लागते ते कळवावे. त्या पगारावर आई जेवते म्हणून अर्जदाराने उत्तरेश्वरला अडवले नाही.

७. दि. १३ ऑगस्टला सकाळी उत्तरेश्वर खाकी डगला घालून दुकानात आला आणि आपले पत्र अर्जदाराच्या हातात दिले. अर्जदाराला टाइपाची अक्षरे लागत नाहीत, म्हणून त्यालाच वाचायला सांगितले. त्याने मोठ्याने वाचले : 'उत्तरेश्वर नावाचा कोणीही उमेदवार अस्तित्वात नसल्याने अर्ज नामंजूर.' त्याने ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. मग म्हणाला, "काका, ह्यात तर माझंच नाव हाय."

अर्जदार त्याला म्हणाला, "डगला काढ. धाव चढवू. नसलेल्या माणसाला कोण इचारतंय?"

दुकानात एक चाक महिनाभर धावेवाचून पडले होते, कारण अर्जदाराच्या थरथरत्या हाताने माप दोनदा चुकले होते. तीन दिवसांची उघडीप होती. लोहाराला बोलावले, गोवऱ्या रचल्या. माप उत्तरेश्वरने घेतले. धाव चाकाच्या घेरापेक्षा किती बोटे कमी ठेवायची हे त्याने विचारले नाही, आणि अर्जदाराने मुद्दाम सांगितले नाही. लाल झालेली धाव उचलून चाकावर ठेवली, घणाने बसवली, पाणी ओतले. आरे करकरले आणि घट्ट झाले. अर्जदाराने तीस वर्षांत अनेक धावा चढवल्या. त्या दिवशी नुसते पाहिले, आणि त्याला रडू आले. हे अर्जात लिहायचे कारण नाही, पण झाले ते झाले.

या कामात दुपारची गाडी गेली. उत्तरेश्वर दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत पोचला. त्याबद्दल तो दिवस गैरहजर मांडून, कामावरून कमी का करू नये अशी नोटीस त्याला दिली आहे.

८. तरी मेहेरबानांनी विचार करावा. आपल्या कचेरीत साहेबांसह अकरा माणसे आहेत. दि. १३ ऑगस्टला त्यांतील दहा हजर होती व हजेरीपटावर त्यांच्या सह्या आहेत. कचेरी ज्या कामासाठी काढली ते काम त्या दिवशी अकराव्याने केले. अर्जदार आता विद्यावेतन मागत नाही, हत्यारेही मागत नाही. कचेरीने दिलेल्या हत्याराने चाक सरळ होईल असा भरवसाही त्याला राहिलेला नाही. उत्तरेश्वरचा तो एक दिवस कामावर धरावा आणि कस्तुराबाईचे अन्न तोडू नये, एवढेच मागणे आहे. तेही जमत नसेल तर त्याला कामावरून कमी केल्याचे पत्र टपालाने पाठवावे, त्याच्याच हाती देऊ नये.

नमुन्याप्रमाणे नम्र,

(सही) ज्ञानोबा रामलिंग पांचाळ
लोहारा, दि. २२ ऑगस्ट १९६३

अर्ज लिहिणार : गोपाळकृष्ण, निवृत्त शिक्षक, लोहारा. अर्जदाराने सांगितले त्यापेक्षा सौम्य लिहिले आहे.

सोबत :
१) दोन्ही तपासण्यांच्या शेऱ्यांची नक्कल.
२) उत्तरेश्वरने केलेला एक आरा. याचे कोणते टोक तुंब्यात जाते हे कचेरीत कोणालाही ओळखता न आल्यास उत्तरेश्वरला विचारावे. तो बाहेर बाकावर बसलेला असतो.