कर्त्याच्या खणात अकरा जणी

१२ मार्च

मीटिंग. डोकं फिरलं. साहेबांना तेच पुन्हा सांगितलं की वारशाची नोंद म्हणजे किराण्याची यादी नव्हे. त्यांना एक्सेलमध्ये तीन रकाने हवेत: वास्तू, शतक, बांधणारा. झालं, संपलं! बांधून झाल्यावर आजपर्यंत तिथं जणू काही घडलंच नाही.

म्हटलं, आपण नोंदींचा जो साचा, ऑन्टॉलॉजी, घेतलाय त्याचा पहिला नियमच हा आहे की वास्तूला नुसते गुण चिकटवायचे नाहीत, तिच्या बाबतीत काय काय घडलं ते लिहायचं. बांधणं ही घटना, दुरुस्ती ही घटना, पाडणं ही घटना. प्रत्येक घटनेला काळ हवा, जागा हवी, कर्ता हवा. "घटना कर्त्याशिवाय नसते, सर!" टेबलावर हात आपटला बहुतेक. तुषार, आमचा कोडवाला, मान खाली घालून हसत होता.

साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार चिडता."

चिडते. नळाला नवव्या दिवशी पाणी, तेही पाऊण तास. माणसानं शांत तरी कशाच्या जिवावर राहायचं?

१९ मार्च

दौलताबाद रोड, चिंचेची बारव. टेप, कॅमेरा, टोपी घेऊन गेले. कोरडी, कचऱ्यानं भरलेली असेल असं धरून चालले होते, कारण जुन्या अहवालात तसंच लिहिलंय.

तर पायऱ्यांवर बायकांची रांग. खालून वर घमेली येतायत. गाळ, गाळ आणि गाळ. पलीकडच्या वस्तीतल्या बायका. टँकर चढावर येत नाही, खालच्या सोसायट्यांतच रिकामा होतो, म्हणून शिवरात्रीला यांनी काढायला सुरुवात केली. पुरुष सगळे शेंद्र्याला कंपनीत. तळाशी गुडघाभर पाणी लागलंय. मी पाहिलं. स्वच्छ.

फोटो काढत उभी राहिले तर वरून आवाज, "ओ म्याडम, मधी हुब्या ऱ्हाऊ नगा, न्हाई तर धरा घमेलं." साठीची, काटक, पदर खोचलेला. कडूबाई. धरलं घमेलं. तासभर तरी रांगेत होते. हात भरून आलेत, पेन धरवत नाही. ड्रेस गेला कामातून.

मग चहा. रांगेतल्याच नसीमआपाच्या घरी. नावं विचारली सगळ्यांची. कडूबाई म्हणाली, "नाव कशाला? मतदान हाय का?" म्हटलं, ज्यानं ही बारव बांधली त्या सरदाराच्या शेजारी तुमची नावं लावायचीत. लई हसल्या. नसीमआपा म्हणाली, "उनो तो घोड़े पे आते थे. हम तो पैदल."

मग एकेकीनं नाव सांगितलं. दोघींनी लग्नाआधीचंसुद्धा.

२२ मार्च

नोंद केली. घटनेचा प्रकार: देखभाल. काम: गाळ काढणे. कर्ता: अकरा नावं. जे जसं कानावर पडलं तसं. 'कुणाच्या म्हणण्यानुसार' हा खण आहे, तिथं माझं नाव, मंजिरी. एका पायरीचा कोपरा पहारीनं उडालाय. कडूबाईनं स्वतःच दाखवला होता, "ह्यो आमच्या हातनं गेला, लिवून ठिवा." तेही लिहिलं. नोंद पुरी हवी.

साहेब आलेच. "ही नावं कशाला? 'स्थानिक रहिवासी' टाका."

"मग सरदाराचं पण काढते. 'स्थानिक अंमलदार' टाकते."

"तो इतिहास आहे हो."

"त्यानं तरी कुठं दगड उचलला होता? त्याचं नाव चालतं, ज्यांनी घमेली उचलली त्यांचं चालत नाही?"

नावं राहिली. जिंकले! संध्याकाळी जाऊन कडूबाईला मोबाइलवर दाखवलं. तिला वाचता येत नाही. नातीनं वाचून दाखवलं. ती नुसतं "व्हय का" म्हणाली आणि पदरानं मोबाइलची काच पुसली.

२ एप्रिल

बारवेसमोरच्या माळावर नवी स्कीम. होर्डिंगवर निळाशार पोहण्याचा तलाव. खाली 'ऐतिहासिक परिसरात प्रशस्त घरे.' या शहराला प्यायला पाणी नाही आणि विकायला तलाव आहेत.

९ एप्रिल

पाडवा. नवऱ्याशी, संदीपशी भांडण. त्याचं म्हणणं, कंत्राटी नोकरीत इतका जीव कशाला टाकतेस, मुदत संपली की हेच लोक ओळख दाखवणार नाहीत. खरं आहे, म्हणूनच राग आला. श्रीखंड तसंच राहिलं.

दुपारी कडूबाईचा फोन. त्यांनी बारवेवर गुढी उभारली. "पानी कमरंला लागतंय आता."

१५ एप्रिल

साहेब खुशीत. 'तातडीचे संवर्धन' म्हणून वास्तूंची यादी वर जाणार, निधी येणार. कुठल्या वास्तू ते सांगत नाहीत. "तुमचा डेटाबेस कामाला आला, मॅडम." पेढा दिला. मी खाल्ला.

२२ एप्रिल

बारवेची नोंद सहज उघडली. प्रकार: हानी.

आधी वाटलं मीच चुकले. तुषारला विचारलं. त्यानं बदलांची यादी काढली. साहेबांच्या लॉगिनवरून, मागच्या आठवड्यात. बाकी एक अक्षर हललेलं नाही. गाळ काढणे तेच, उडालेला कोपरा तोच, अकरा नावं तीच. फक्त वरचा एक शब्द बदलला आणि खालच्या सगळ्या बायका आरोपी झाल्या.

पाणी प्यायले. परत बसले. परत उठले.

२३ एप्रिल

साहेबांच्या केबिनमध्ये उभ्या उभ्याच.

"देखभालीची हानी कशी झाली?"

"पायरी फुटली की नाही? तुम्हीच लिहिलंय."

"आणि पाणी लागलं ते?"

"पाण्याला आपल्याकडे खण नाही."

मग समजावणीच्या सुरात, मी त्यांची धाकटी बहीण असल्यासारखं: हानी दाखवल्याशिवाय तातडीचा निधी मिळत नाही, निधी मिळाला तर बारवच वाचेल, वाईट कुणाचंच होत नाही. म्हटलं, मग हानी दाखवा, पण नावं कशाला ठेवली?

तर म्हणतात, "तुमचंच वाक्य आहे ना? घटना कर्त्याशिवाय नसते."

माझ्याच काठीनं मला हाणलं. दार आपटून आले तेवढंच.

२९ एप्रिल

नोटिसा गेल्या. अकरा. 'पुरातन वास्तूस विनापरवाना हानी पोहोचविल्याबाबत.' सुनावणी १४ मे.

नावांचा क्रम माझा. त्या दोघींची लग्नाआधीची नावंसुद्धा. आणि एका नोटिशीवर सरकारी टायपात चक्क 'नसीमआपा'! जगात हे नाव असं कागदावर फक्त मी लिहिलंय.

खाली सही वाचता येत नाही. सहीखाली 'करिता'. अकरा बायकांची नावं ठसठशीत, आणि पाठवणारा नुसता 'करिता'! चोर सोडून संन्याशाला सुळी देणारेही आपलं नाव सांगत असतील.

३० एप्रिल

गेले. जायलाच हवं होतं.

बारवेला तारेचं कुंपण, फाटकाला कुलूप. पाटी: 'संवर्धनाचे काम प्रगतिपथावर'. काम कसलंच नाही. बाहेर घागरी ओळीनं, रिकाम्या.

नसीमआपा दारातच. आत ये म्हणाली नाही. "चाय पिलाए ना तुमकू? नामां बी दिए. अब लड़के की नौकरी का काम चलरा, पुलिस का कागज होना. उसमें माँ का ये निकला तो?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

कडूबाई ओट्यावर. माझ्याकडे बघितलंच नाही बराच वेळ. मी काय काय बोलत होते, साहेबांनी बदललं, मी असं लिहिलंच नव्हतं, प्रकार वेगळा होता. मलाच माझं ऐकवेना. शेवटी म्हणाली, "बारवंला कुलूप घातलं. आता घागर कुठं भरू? तुझ्या कंप्युटरात?"

परत येताना रिक्षात रडले. रागानंच. रिक्षावाल्यानं आरसा वळवला.

३ मे

तुषारला विचारलं, नावं उडवता येतील? म्हणाला, उडवली तरी खाली राहतात. कुणी लिहिलं, कुणी पुसलं, सगळं. "तुम्हीच तसं मागितलं होतं ना मॅडम, काही हरवायला नको म्हणून." हो, मीच मागितलं होतं. स्पेसिफिकेशन चार वेळा लिहून दिलं होतं.

शिवाय नोटिसा छापून गेल्यात. आता पुसून काय?

६ मे

एक करता येतं. साचा त्याच्यासाठीच आहे खरं तर. एकाच घटनेबद्दल दोन माणसं दोन गोष्टी म्हणत असतील तर दोन्ही ठेवायच्या. मात्र प्रत्येकीला बोलणारा हवा.

केलं. देखभाल: मंजिरीच्या म्हणण्यानुसार. हानी: साहेबांच्या म्हणण्यानुसार. पूर्ण नाव, हुद्दा.

तासाभरात बोलावणं. "माझं नाव काढा."

"का? म्हणालात ना तुम्ही?"

"ते विभागाचं मत आहे."

"विभागाला तोंड असतं का, सर?"

लालबुंद. "तुमचा करार जूनपर्यंत आहे, विसरू नका." बायकांची नावं नोटिशीवर खुशाल छापली, स्वतःचं दिसल्यावर मात्र 'काढा'. नाकानं कांदे सोलणारे! हसूच आलं मला, वाईट प्रकारचं.

संध्याकाळी नोंद पाहिली. 'साहेबां'च्या जागी 'विभाग'. माझं तसंच आहे.

७ मे

संदीपला सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणेल सोड. तर म्हणाला, "सुनावणीला त्या जाणार कशा? एक दिवसाची मजुरी बुडेल." आमच्या मोटारीत चौघी मावतील. बाकीच्यांचं बघतो म्हणाला.

दोन टँकर भांडून मिळवले वस्तीसाठी, संदीपच्या ओळखीनं. एकच आला.

११ मे

वस्तीत. या वेळी बसायला मिळालं, कडूबाईच्या ओट्यावर. नऊ-दहा जणी जमल्या. म्हटलं, १४ तारखेला मी येते, सांगते की नोंद माझी होती आणि ती देखभालीची होती.

नसीमआपा म्हणाली, "मेरा नाम हटाव बस. तुमारी किताब में नक्को." म्हटलं, बरोबर आहे. तिचं काढते. खाली राहील, पण वर दिसणार नाही. तेवढंच माझ्या हातात आहे.

बाकीच्याही एकेक करून काढा म्हणायला लागल्या. कडूबाईला विचारलं. तंबाखू मळत होती.

"माझं ऱ्हाऊ दे. गाळ म्या काढलाय. कुनाच्या बापाला भीत नाय." मग थांबून, "पर तुझं कुठंय?"

मला कळेना. "माझं आहे ना. मीच तर लिहिलंय सगळं."

"ते नाय. घमेली धरली व्हतीस का नाय?"

"धरली होती."

"मंग? बारा जनी व्हतो. तू अकराच लिवल्या."

मला तोंड वर करता येईना. घमेली हातात धरून मी स्वतःला बघणाऱ्यांत मोजलं होतं. मनात आलंसुद्धा नव्हतं. इतकी वर्षं साहेबांवर ओरडते की कर्ता लपवू नका.

उठताना कडूबाईनं पाणी दिलं, अर्धा तांब्या. टँकरचं. नको म्हणवलं नाही.

१२ मे

रविवार. कुठंच गेले नाही. स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता. साहेबांचा आहेच, तो जागच्या जागी.

१३ मे

ऑफिस. साहेब मुंबईला, निधीच्या बैठकीला. होर्डिंगवाल्यांचे दोघे त्यांची चौकशी करून गेले. बारवेचं कुंपण स्कीमच्या बागेपर्यंत वाढणार आहे, असं तुषारनं नकाशावर दाखवलं. म्हणजे संवर्धन कुणासाठी हे पण कळलं. आयत्या बिळावर नागोबा.

दुपारी नोंद उघडली. नसीमआपाचं नाव आणि ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांची काढली. उरली तीन. कडूबाई सगळ्यात वर.

त्यांच्या खाली माझं घातलं. कर्ता म्हणून. पूर्ण, हुद्द्याशिवाय. प्रकाराच्या खणात साहेबांची 'हानी' आहे, तिला हात लावला नाही. देखभाल म्हणा, हानी म्हणा, जे काय असेल त्यात मी होते. उद्याच्या सुनावणीची नोटीस अकरा जणींनाच आहे. मी विचारणार, बारावी कुठाय.

सेव्ह करताना खण समोर आला: कुणाच्या म्हणण्यानुसार. तिथं कडूबाईचं नाव लिहिलं.

तुषारनं बघितलं. म्हणाला, "मॅडम, करार." म्हटलं, माहितेय.

सकाळी आठला निघायचं. चौघी आमच्या गाडीत, बाकीच्यांना कंपनीतल्या एकाची जीप. नसीमआपा येणार की नाही, अजून कळवलं नाही. आज नळाला पाणी यायचा दिवस होता. आलं नाही.