वेलदोड्याचं सॅम्पल आणि माझी देखरेख

३ नोव्हेंबर, सोमवार
ही वही फक्त माझी. मला वाचता येत नाही, म्हणजे कोणीच वाचणार नाही. तरी मास्तर, तुम्ही परत वाचत असाल, तर आधी चष्मा शोधा. कपाळावर आहे. कालही तिथेच विसरला होतात.

सांगते मी, लिहितात शेजारचे आन्सेल्मो मास्तर. पदरचं शहाणपण घालायचं नाही, या अटीवर.

आज चर्चच्या ओसरीत कोबान शहरातून आलेल्या इंजिनियरचं भाषण. परदेशाशी व्यापार केला की देशाचं भलं होतं म्हणे. आपल्याकडे छान पिकतं ते विकायचं, दुसऱ्याला छान जमतं ते आणायचं. एवढ्यासाठी कॉलेज? मी चाळीस वर्षं कांदेलारिया कुंभारणीला मका देऊन मडकी घेते. तिनं पिकवलेल्या मक्याला भुंगे लागतात, मी केलेलं मडकं भट्टीत फुटतं. त्याला हे सांगितलं. त्यानं लिहून घेतलं. देशाला सल्ला मिळाला.

वेलदोडा आम्ही पिकवतो, खात कोणी नाही. अरबस्तानात कॉफीत घालतात असं तो म्हणाला. माझा अंदाज, उंटांसाठी असावा.

५ नोव्हेंबर, बुधवार
माझी धाकटी लेक मतिल्दे गावच्या वेलदोडा गटाची सेक्रेटरी. तिनं सॅम्पल घरी आणलं. दोन किलो, हिरवेगार, कागदी पिशवीत शिवलेले. शनिवारच्या बसनं कोबानच्या व्यापाऱ्याकडे, तिथून अरबस्तान. पास झालं तर बत्तीस घरांचा माल थेट जाणार, दलाल हेर्मेलिंदोची गरज संपली. नापास झालं तर मतिल्दे कोबानला वेलदोडे निवडायच्या शेडमध्ये कामाला जाणार. हे तिनं भाकरी थापता थापता सांगितलं, माझ्याकडे न बघता. घरात आम्ही दोघीच.

पिशवी कपाटावर ठेवून ताकीद दिली की हात लावायचा नाही.
निश्चय: हात लावणार नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळ
मतिल्दे खालच्या वस्त्यांवर मीटिंगला गेली. उद्या संध्याकाळी येईल. बाहेर धुकं. मिठाला पाणी सुटलंय. पिशवीला हात लावला नाही. फक्त हुंगली.

दुपार
पिशवी गार लागते. गालानं पाहिलं. हात नाही लावला.

संध्याकाळ
भिंतीला ओल. बुरशी धरली तर? बत्तीस घरं. आणि मतिल्दे.
माझ्या आजीनं मक्याचं बियाणं चुलीवर धुरात टांगलं, आईनं टांगलं, मी टांगते. आजवर एक दाणा किडला नाही. देशाच्या कामात हयगय नको. शिवण उसवली, वेलदोडे जाळीच्या थैलीत भरले, टांगले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
खाली कोपाल धूपही जाळला. माल एवढ्या लांब जाणार, डोंगरदेवाला कळवायला नको? मास्तरांनी विचारलं, रोसेंदाबाई, हे खरंच लिहू? म्हटलं लिहा, पुढच्यांच्या उपयोगी पडेल.

दुपारी खाली काढले. रंग जरा बदललाय. सोनेरी. अरबांना सोनं आवडतंच. पिशवी होती तशी शिवली. शिवणीत मला कोण हरवणार.

८ नोव्हेंबर, शनिवार
मतिल्देनं पिशवी ड्रायव्हरच्या हाती दिली. देताना नाक आक्रसलं. मी म्हटलं, अख्ख्या घराला चुलीचा वास आहे, तुलासुद्धा. ती हसली. बस गेली.

१५ नोव्हेंबर, शनिवार
निरोप नाही. फोनला रेंज फक्त चर्चमागच्या टेकडीवर. मतिल्दे दिवसातून तीनदा चढते. जेवत नाही. मी अगदी शांत आहे. या आठवड्यात हातून तीन मडकी फुटली. कांदेलारियाची निर्यात वाढली.

२० नोव्हेंबर, गुरुवार
फोन आला. रिजेक्ट. रंग गेलेला, वर धुराचा नि देवळाचा वास. दुसरं सॅम्पल घेणार नाहीत, पलीकडच्या खोऱ्यातला माल ठरला.

मतिल्दे टेकडी उतरून दारात उभी राहिली.
"आई, चुलीवर टांगलं होतंस?"
मी म्हटलं, टांगलं नव्हतं, जपलं होतं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला भांडता आलं असतं. चप्पल घालून घरोघर गेली. बत्तीसही दारी सांगितलं, "चूक माझी, पिशवी मीच चुलीजवळ विसरले." हे मला कांदेलारियानं सांगितलं.
अरबांना धुरातलं काय कळतंय.
मास्तर, वरचं वाक्य खोडा.
राहू दे.

२४ नोव्हेंबर, सोमवार
हेर्मेलिंदोचा ट्रक आला. गडी खुशीत. मला साखरेचा पुडा देऊ केला. त्याला कोणी सांगितलं कोण जाणे. घेतला नाही.
घेतला.

३० नोव्हेंबर, रविवार
मतिल्दे कोबानला गेली. बसच्या पायरीवरून म्हणाली, "वेळेवर जेवत जा." मी म्हटलं, मला कोणी शिकवायला नको. मग बस वळली. धुक्यात दिसली नाही.
निश्चय: रडणार नाही. धुक्यात डोळे चुरचुरतात, तो भाग वेगळा.

४ डिसेंबर, गुरुवार
मास्तर टेकडीवर जाऊन तिच्याशी फोनवर बोलले. दिवसभर बाकावर बसून वेलदोडे निवडते. हिरवे एकीकडे, पिवळे दुसरीकडे. माल जहाजानं जातो. देशाचं चांगलं चाललंय. इंजिनियर आला तर त्याला कळवा.
खाणावळीतल्या भाकऱ्या मशीनच्या, कागदासारख्या. तक्रार तिनं केली नाही, मास्तरांनी खोदून विचारलं.

तर मास्तर, शनिवारच्या ड्रायव्हरकडे टोपलीत एवढं द्यायचं: पानात उकडलेले मक्याचे तमाल, काळा घेवडा भरून, पानासकट, बारा. बाकावर शेजारी बसणारीला धरून चौदा करा. लाल मिरचीची पूड वेगळी बांधा, सांडते. टर्कीचा रस्सा बरणीत, झाकण मेणानं बंद. बदल्यात काही पाठवू नको म्हणावं. रिकामी टोपली मात्र स्वतः आणून दे, म्हणावं.