ओमारूसाठी द्यायची साक्ष

प्रति,
मा. समन्वय अधिकारी,
परदेशी साक्ष साहाय्य कक्ष (शहापूर व मुरबाड तालुके),
मु. शहापूर, जि. ठाणे.

अर्जदार : प्रशांत बुधाजी रोकडे, विजेच्या मनोऱ्यांचा जोडारी, रा. डोळखांब, ता. शहापूर.

विषय : दहशतवादविरोधी सहकार्य करारान्वये परदेशी न्यायालयात साक्ष देतेवेळी आपण स्वतः हजर राहणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, सर्व अनुत्तरित.

महोदय,

१. अर्जदार आफ्रिकेतील एका देशात मनोरे उभारण्याच्या कामावर होता. (खटला चालू असल्याने देशाचे नाव अर्जात लिहू नये, असे तेथील वकिलांनी बजावले आहे. ते आपल्या दप्तरी आहे.) गेल्या वर्षी भर दुपारी बंदूकधारी अतिरेकी कामगारांच्या तळावर चालून आले. अर्जदार मनोऱ्यावरून उतरेपर्यंत गोळीबार सुरू झाला होता. पाण्याच्या टँकरचा चालक ओमारू याने त्यास दंडाला धरून रिकाम्या टाकीत ढकलले, झाकण लावले व टँकर तळाबाहेर काढला. वाटेत अतिरेक्यांनी टँकर अडविला. ओमारू त्यांच्या भाषेत काही बोलला, हसल्याचेही ऐकू आले. अर्जदार आत श्वास कोंडून पडला होता. टँकर सुटला. तळावर राहिलेल्यांपैकी कोणीही वाचले नाही.

२. ज्याअर्थी अतिरेक्यांशी बोलून सहीसलामत सुटला, त्याअर्थी तो त्यांचाच माणूस, असे ठरवून तेथील पोलिसांनी ओमारूस तुरुंगात टाकले. अर्जदारास कंपनीने तोवर घाईघाईने मायदेशी धाडले होते. ही बातमी त्याला ओमारूच्या वकिलांच्या फोनवरून कळली. त्या टाकीत कोण होते, हे सांगू शकणारा अर्जदार एकटाच उरला आहे.

३. दोन्ही देशांत करार असल्याने अर्जदाराने शहापुरातूनच पडद्यावर साक्ष द्यावी व शेजारी बसून भारतीय अधिकाऱ्याने त्याची ओळख पटवावी, असे तेथील न्यायालयाने आपल्या कक्षास कळविले. कक्षात ते पत्र पुढे पाठविताना 'साक्षीदार' ऐवजी 'संशयित' असे टंकले गेले. परिणामी दोन पोलीस डोळखांबला आले. शेजारचे दामूकाका भात कापत होते. त्यांना उभे करून विचारले, "हा प्रशांत बाहेरच्या लोकांना भेटत होता काय?" दामूकाका म्हणाले, "भेटणारच ना. तो आफ्रिकेत होता, तिकडं समदे बाहेरचेच." हे उत्तर जबाबात लिहून घेण्यात आले. बचत गटाच्या बायांनी अर्जदाराची पत्नी वंदना हिस सांगितले, "थोडे दिस तू येऊ नको गो." ती घरी येऊन भिंतीला टेकून बसली. चूक दुरुस्त करावी म्हणून अर्जदार कक्षात आला असता, "संशयिताचा अर्ज घेता येत नाय, साक्षीदाराला पाठवा," असे उत्तर मिळाले. अखेर वंदनाने कक्षाच्या दारात ठाण मांडले, तेव्हा तो एक शब्द बदलला.

४. या महिन्यात सुनावणी लागली. पडद्यावर ओमारू दिसला. गालाची हाडे वर आली होती. कामावर असताना अर्जदाराने शिकविलेली मराठी तो विसरला नव्हता. म्हणाला, "प्रशांत, जेवला काय?" न्यायाधीशांनी विचारले, भारतीय अधिकारी कोठे आहेत? आपली खुर्ची रिकामी होती. आपण ठाण्यास 'विकसनशील देशांचे दहशतवादविरोधी सहकार्य' या विषयावर भाषण देण्यास गेला आहात, असे कक्षातील शिपाई हौसाबाई यांनी सांगितले. दुभाष्याने ते पलीकडे ऐकविले, तेव्हा ओमारूच्या वकिलांनी मान खाली घातली. साक्ष झाली नाही. ओमारूला पुन्हा आत नेण्यात आले.

५. दि. २ डिसेंबर ही अखेरची तारीख आहे. तीही वाया गेल्यास जन्मठेप अटळ, असे वकील सांगतात. अर्जदाराचे मागणे फार नाही. आपण त्या दिवशी खुर्चीवर बसावे आणि विचारल्यावर "होय, हाच तो प्रशांत रोकडे," एवढे म्हणावे. बाकीचे अर्जदार बोलेल. आपणांस सवड नसल्यास दुसऱ्या अधिकाऱ्यास आजच लेखी अधिकार द्यावेत.

६. ओमारूच्या मुलीने वकिलांमार्फत विचारले आहे, "तो भारतातला माणूस नक्की बोलेल ना?" अर्जदाराने होय म्हणून कळविले आहे. आपल्याला न विचारता कळविले, याबद्दल क्षमा असावी.

सोबत : न्यायालयाच्या पत्राची व पारपत्राची प्रत, टँकरपुढे ओमारूसह काढलेले छायाचित्र.

आपल्या होकारासाठी खोळंबलेला,
प्रशांत बुधाजी रोकडे
डोळखांब, दि. १७ नोव्हेंबर २०२५