अक्षदाचा माग आणि माझा पोपट

येडगाव,
२३ नोव्हेंबर २००३

तीर्थरूप प्रयागअक्कास,

धाकट्या हौशीरामचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठीक. तुझे गुडघे आणि दाजींचा दमा सिन्नरच्या थंडीत कसे आहेत ते कळव. (दाजींना सांग, विडी सुटल्याशिवाय दमा सुटत नसतो.) माझं पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही.

झालं असं, की रामदासच्या अक्षदाला शाळेत कार्यानुभवाला मण्यांची पट्टी विणायला सांगितली. तिचे आईबाप दिवसभर टोमॅटोच्या तोडणीत, म्हणून पोरगी माझ्या मागं लागली. म्हटलं, त्यात काय एवढं! टोमॅटोच्या खोक्याच्या फळ्या काढून दोन चौकटी ठोकल्या, एक तिला, एक मला. दोरे नीट ओळीत राहावेत म्हणून तुझ्या भावजयीचे दोन कंगवे अर्धे अर्धे कापून चारी टोकांना बसवले. (सखू अजून शेजारणीच्या कंगव्यानं विंचरते.) धरणावरच्या मासे धरणाऱ्याकडून तंगूसाचा दोरा आणला, मंचरच्या बाजारातून मणी. झाले माग तयार.

काम दिसायला सोपं. चौकटीवर उभे दोरे ताणायचे, सुईत ओवलेले मणी त्यांच्या खालून धरायचे, दोन दोऱ्यांच्या मधून एकेक मणी वर दाबायचा आणि सुई दोऱ्यांच्या वरून त्याच मण्यांतून परत काढायची. मला सुईचं भोकच दिसेना. अक्षदा सुई ओवून द्यायची आणि वर मास्तरीण व्हायची. "आजोबा, तुमी लई घाई करता. मणी वर आला न्हाई तवर सुई फिरवली. उसवा!" उभ्या आयुष्यात मला असं कोणी बोललं नव्हतं. मी मुकाट उसवलं. तिची ओळ सरळ, माझी पिऊन केलेल्या नांगरटीसारखी. मी पोपट विणायला घेतला होता. चौथ्या दिवशी शेजारचा सावळेराम म्हणाला, "वांगं झकास उतरलंय, राव!"

पाचव्या दिवशी माझ्या कोपरानं ताटली कलंडली आणि हिरवे मणी अंगणभर झाले. मूग समजून कोंबड्यांनी टिपायला सुरुवात केली. मी काठी घेऊन कोंबड्यांमागं, अक्षदा रडत माझ्यामागं, आणि सखू ओट्यावरून म्हणते, "मणीच तर व्हते! एवढं काय त्यात?"

अक्का, मी तिथंच थांबलो. हे वाक्य माझं होतं.

तुझ्या लग्नाआधीच्या वर्षी तू अशीच खिडकीपाशी माग मांडून बसायचीस. आईनं हाक मारली तरी ओळ पुरी केल्याशिवाय उठायची नाहीस. सबंध उन्हाळा घालून तू रुखवताचं तोरण विणलंस. आणि मी ते तुला न विचारता यात्रेच्या शर्यतीत बैलाच्या कपाळाला बांधलं. (आपला गाडा पहिला आला नाही. तोरण मात्र शर्यतीच्या घाटभर पसरलं.) तुटका दोरा आणि मूठभर मणी घेऊन मी घरी आलो. तू त्या मुठीकडं बघत राहिलीस आणि मी म्हणालो, "मणीच तर व्हते, अक्का." तू रडली नाहीस. पण पुन्हा मागाला हात लावला नाहीस. लग्नानंतर येतेस, चहा घेतेस, सगळ्यांची चौकशी करतेस आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत जातेस. मुक्काम कधी केला नाहीस.

एका ओळीला किती वेळ लागतो ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. वीतभर पट्टीला आता तीन आठवडे लागले, तेव्हा कळलं. चुकलो, अक्का. अडतीस वर्षं उशिरा लिहितोय.

दाजींना नमस्कार, नातवंडांना गालगुच्चे.

तुझा धाकटा,
हौशीराम

ता. क. माझी पट्टी पुरी झाली आहे, पण मणी न सांडता मागावरून सोडवायची कशी ते इथं कोणाला येत नाही. येऊन दाखवलंस तर बरं होईल. निदान दोन दिवसांचं काम आहे.

दुसरा ता. क. खोटं कशाला बोलू? अक्षदानं तिची पट्टी मागच्या रविवारी आपली आपण सोडवली. माझीही सोडवायला बसली होती. मीच तिचा हात धरला. म्हटलं, "ऱ्हाऊ दे बाळा, आत्याआजी येणार हाये."