आटवलेलं पाणी

४ जून
आलो एकदाचे! नवरोबा खताच्या गोदामाचे प्रमुख झाले आणि नोकरीबरोबर हे घर पदरात पडलं. तीन खोल्या, मागे विहीर, शेजारी गोदामाची भिंत. परसात गवत नुसतं माजलंय. खतातला नत्र इथल्या मातीतच मुरलाय, दगड पेरला तरी उगवेल, अशी यांची फुशारकी. आमची चिमी दीड महिन्याची. तापात माझं दूध गेलं, तेव्हापासून ती डब्याच्या दुधावर. त्यामुळे विहिरीचं पाणी खळखळून उकळल्याशिवाय तिच्या बाटलीत जात नाही. सासूबाई म्हणतात, सून किरकिरी आहे, पण पोरीला जपते. हे कौतुकच समजायचं.

१३ जून
चिमीच्या ओठांभोवती निळसर झाक दिसते. डॉक्टरांनी छाती तपासली, सर्दी असेल म्हणाले. मला पाण्याचीच शंका येते. पण तेच पाणी आम्ही तिघं पितो आणि ठणठणीत आहोत. तरी आजपासून दुप्पट वेळ उकळणार.

२१ जून
बहिणीकडे राहून आलो. तिथे चिमी गुलाबी! पाय झाडत होती, मावशीच्या साडीवर शू केली. घरी आलो आणि दोन दिवसांत ओठ पुन्हा निळे, आता नखंही. सासूबाई म्हणाल्या, हे घर पोर खातंय, चला इथून. मी हसण्यावारी नेलं. हसले खरी, पण पातेलं पुन्हा गॅसवर चढवलं.

२४ जून
पाणी आता निम्मं होईपर्यंत आटवते. एकही जंतू उरायला नको. चिमी रडत नाही. रडायला हवी ना?

२५ जून
पातेलं सकाळपासून गॅसवर. तिचे तळवे जांभळे. जीभसुद्धा. उचललं तर मान— सासूबाई बॅगा भरताहेत. हे गाडी आणायला गेलेत. तोवर एक बाटली पाजून घेते, वाटेत उपाशी नको—

२६ जून
इस्पितळ. सुईतून आलेलं रक्त चॉकलेटी. डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं आणि एवढंच विचारलं, पाणी कुठलं पाजता.

मग मला बाजूला घेऊन सांगितलं. गोदामातलं खत झिरपून विहिरीत उतरलंय. त्यातलं नायट्रेट मोठ्यांना सहसा बाधत नाही. तान्ह्या बाळाचं रक्त मात्र त्याने नासतं, प्राणवायू वाहून नेत नाही. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट तसंच राहतं. पाणी आटलं की उलट दाट होतं.

मी आटवत होते. मीच. रोज. मायेने—

निळ्या पोरीला निळंच औषध शिरेतून दिलंय. सासूबाई माझी पाठ थोपटताहेत. त्यांना अजून कळलेलं नाही. घर नव्हतं खात, हे त्यांना कसं सांगू—

दार उघडलं. नर्स. सरळ सासूबाईंकडेच जातेय. माझ्याकडे का बघत नाही ती, माझ्याकडे का—