सांडलेला चहा

शिनोली,
९ जानेवारी १९९८

ती. सौ. अक्कास,
वृषालीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दाजींनी नव्या टेम्पोला लिंबू-मिरची बांधली आणि पहिल्याच दिवशी तो गोठ्याच्या भिंतीवर नेऊन घातला, हे वाचून एकटीच हसत बसले. त्यांना म्हणावं, भिंतीलाही बांधायची होती.

इकडे थंडी लई आहे. अक्षर वाकडं आलंय, हसू नकोस. उजवं मनगट सुजलंय, न्हाणीत पाय घसरला. मागच्या महिन्यात दारावर कपाळ आपटलं, आता हे. या घराचं आणि माझं काही जमत नाही बघ.

बाकी काल सासूबाईंनी माझं कौतुक केलं, आहेस कुठे! शेजारच्या भागूवहिनींना सांगत होत्या, बघायच्या कार्यक्रमात पोरीच्या हातावर कढत चहा सांडला, तरी हूं की चूं न्हाई, हसतच उभी. “तवाच म्या म्हनलं, हीच आपल्या घरात नांदंल.” दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याबद्दल चांगलं बोलल्या. मला आपलं बरं वाटलं.

लोभ आहेच, तो ताकासारखा पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
वृषाली


बोरी बुद्रुक,
१६ जानेवारी १९९८

चि. सौ. वृषालीस,
अक्काचे अ. उ. आ.

इकडे सगळे मजेत. टेम्पोचा फुटका दिवा बदलला. तुझे दाजी आता दर रविवारी मंचरला कांदा नेतात आणि घरी आल्यावर रात्रीपर्यंत स्वतःच्या ड्रायव्हिंगचं कौतुक करतात.

आता कामाचं लिहिते. जुन्नरला मामांकडे शाळेला होतीस, तेव्हा सुट्टीत पाठीवर वळ घेऊन यायचीस आणि आईला सांगायचीस, झोक्यावरून पडले. वृषे, मामांच्या घरात झोका नव्हता. रडलीस की पट्टा आणखी बसायचा, म्हणून तू गप्प राहायला शिकलीस. चहा सांडला तेव्हा सगळे म्हणाले, काय सोशिक मुलगी! भाजल्यावर ओरडत नाही अशी पोर कुणी केली, हे कुणीच विचारलं नाही. आणि तुझ्या सासूने नेमकं तेवढंच पाहून तुला पसंत केलं. तुझं पत्र वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. मामांचा राग येतो, त्या घराचाही येतो.

जावईबापू हात उचलतात का, तेवढं सरळ लिही. आमच्याकडे आलीस की तू झोपतेस त्या खोलीत सध्या कांद्याची पोती आहेत. ती हलवायला मला अर्धा दिवस पुरे.

तुझ्यावरचा लोभ लहानपणीचाच आहे, त्यात उतार नाही.

तुझी,
अक्का


शिनोली,
२४ जानेवारी १९९८

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस. हो, उचलतात. पण रोज नाही गं. माझ्याही हातून काहीतरी चुकतंच. आणि दुसऱ्या दिवशी घोडेगावहून गरम भजी आणतात, इतकं गोड बोलतात की वाटतं जाऊ दे. मामाही दुसऱ्या दिवशी लिमलेटच्या गोळ्या आणायचे.

हे लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. गोठ्यात म्हशीजवळ जाऊन बसले. अक्का, मला वाटायचं, माया अशीच असते, आधी मार आणि मग खाऊ. दाजी तुला मारत नाहीत हे मला कधी खरंच वाटलं नाही. वाटायचं, तूही झोक्यावरून पडत असशील.

यावंसं वाटतं, पण पाय उचलत नाही. भीती वाटते.

तुझा लोभ सध्या जरा जास्तच लागेल.

तुझी,
वृषाली


शिनोली,
५ फेब्रुवारी १९९८

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र भागूवहिनींच्या ओसरीवर बसून लिहितेय. परवा सकाळी भाकरी करपली. ह्यांनी केस धरले, आणि अक्का, मी ओरडले! किती मोठ्याने म्हणून विचारू नकोस. म्हैस दावं तोडून पळाली. सगळी आळी हातातली कामं टाकून दारात आली, भागूवहिनी तर पिठाच्या हातांनीच. ह्यांनी केस सोडले आणि हे भिंतीकडे बघत उभे राहिले. सासूबाई आपल्या म्हणतायत, अगं हळू, लोक काय म्हणतील. लोक काय म्हणाले ते मी ऐकलं. भागूवहिनी सगळ्यांदेखत म्हणाल्या, “चल पोरी, माझ्या घरी.”

काल हे भजी घेऊन आले होते. मी आतूनच नको म्हटलं. वहिनींनी त्यांना पुड्यासकट परत धाडलं. भीती अजून आहे, रात्री जास्तच. पण त्या घरात आता जाणार नाही.

रविवारी वहिनी मला मंचरला दाजींच्या टेम्पोत बसवून देतील. पोती हलव. दाजींना म्हणावं, भिंती बघून चालवा.

लोभ आता समक्षच घेईन.

तुझी,
वृषाली

ता. क. ओरडून घसा पार बसलाय, तेव्हा आल्याचा चहा टाकून ठेव. फक्त कप हातात देताना जपून. थेंबभर जरी सांडला, तरी बोरी बुद्रुक डोक्यावर घेईन.