चौथा खांदा

९ नोव्हेंबर

शिवानंद गेला! घराची दारंसुद्धा काढून नेली. उंबऱ्यावर आता कान्हूकाकांची कोंबडी बसलीय, जशी काय तीच घरधनीण.

वाडीत चूल पेटते ती तीनच घरांत. आमच्या, कान्हूकाकांच्या, आणि वरच्या अंगाला एकट्या शकुंतलाबाईच्या. बाकी सगळे वाघांसाठी राखलेल्या जंगलातून उठायचे सरकारी पैसे घेऊन रामनगरच्या बाजूला नव्या वसाहतीत. शिवानंद माझा चुलतदीर. आई लहानपणी गेली म्हणून माझ्या सासूच्या हातचं खाऊन वाढलेला. निघताना मला म्हणाला, "वहिनी, तिकडं शाळा हाय, बस हाय, दवाखाना हाय. हितं काय हाय?"

 आत्तीनं — सासूला मी आत्तीच म्हणते — त्याच्या पोरींच्या हातात परसातल्या कणगीचे उकडलेले कंद दिले. मामा काही घराबाहेर आले नाहीत. सासरे एकदा रुसले की देवाचंसुद्धा ऐकत नाहीत.

११ नोव्हेंबर

मामांनी आज मांडावर नारळ ठेवला. शिमग्याचा खेळ जिथून सुटतो त्या मांडावर! नारळ ठेवून शब्द दिला — गाव सोडून गेलेल्याला झोळीला बोलवायचं न्हाई, आणि त्यांच्या झोळीला आपण जायचं न्हाई.

 आमच्याकडं रस्ता नाही. माणूस आजारी पडला की घोंगडीत घालायचा, घोंगडीची झोळी दांड्याला बांधायची, पुढं दोघं, मागं दोघं, आणि चालत सुटायचं जंगलखात्याच्या गेटापर्यंत. डोंगरावरून कुकाऱ्याची हाक आली की ज्याच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नाही त्याच्याही घरातला माणूस हातचं काम टाकून पळत येतो. झोळीला वैर चालत नाही. आजवर कधी चाललं नाही.

हे नारळाकडं बघत उभे. (नवऱ्याचं नाव वासू. लिहायला काय जातंय, तोंडानं घेत नाही.) कान्हूकाका गुडघा चोळत बसले. मी बोलायला गेले तर मामा म्हणाले, बायकांनी मांडावर बोलायचं नसतं.

बरं! नाही बोलत!

१७ नोव्हेंबर

शहरातून दोघं जण अभ्यासाला आले होते. आत्तीला म्हणाले, आदिवासी वेशात उभ्या राहा. तिनं खांद्यावर गाठ मारून लुगडं नेसलं, मणी घातले, उन्हात उभी राहिली. फोटोच फोटो. मग मी विचारलं, सरकारच्या यादीत आम्ही आदिवासी कधी होणार? तर म्हणाले, ते आमच्या हातात नाही.

माझी बहीण राजेश्वरी गोव्यात दिलीय. जात तीच, देव तेच, लग्नातली गाणीसुद्धा तीच. तिची पोरं यादीत आहेत. आम्ही डोंगराच्या अलीकडं, दुसऱ्या राज्यात राहतो म्हणून नाही. फोटोपुरते आदिवासी!

आत्ती नुसती हसली. त्यांना जेवू घातलं वर. माझाच जीव जळतो फुकट.

२५ नोव्हेंबर

हे आणि कान्हूकाका वाटेवर दगड टाकायला गेले होते. जंगलखात्याच्या माणसांनी अडवलं. जंगलात वाट रुंद करायची नाही म्हणे.

२ डिसेंबर

आत्ती कणगी खणायला बसली. तिची रीत ठरलेली — कंद काढला की कोंब फुटतो तो डोळ्याचा तुकडा कापून त्याच खड्ड्यात परत ठेवायचा, वर माती ओढायची, मग पुढचा खड्डा. दुसऱ्या बायका डोळे घरी नेऊन सावलीत ठेवतात आणि उन्हाळा सरताना लावतात. हिला ते पटत नाही. रिकामा खड्डा बघितला की भूक लागल्यागत वाटतं म्हणते. मी एकदा विसरले तर मला जेवायच्या पानावरून उठवून परसात पाठवलं होतं.

आज मधे मधे खोकत होती. मी खोरं काढून घेतलं. तिनं परत घेतलं.

६ डिसेंबर

अंगात ताप आहे. काढा दिला. "पडसं हाय, जाईल," म्हणते.

८ डिसेंबर

पडसं नाही हे. आडवी झाली की श्वास मिळत नाही तिला. दिवसभर भिंतीला टेकून बसलीय. ओठ काळे पडल्यागत दिसतात.

दुपारी कातळावर चढले. तिथंच तेवढी रेंज येते. दवाखान्याच्या गाडीला फोन केला — गेटापर्यंत येईल. मग शिवानंदला लावला. माझं बोलणं पुरं होऊ दिलं नाही त्यानं. म्हणाला, उजाडताना निघतो, चौघं येतो.

घरी येऊन सरळ सांगितलं. चोरून करायचं नव्हतं मला. मामा म्हणाले, नारळ हाय मांडावर.

मी म्हटलं, "नारळ तुमचा. आत्ती माझी."

ह्यांनी मान वर केली नाही. पण दांडा काढून पुसायला घेतला.

११ डिसेंबर

लिहवत नाही. पण लिहिते.

परवा सकाळी वाट बघत बसलो. ऊन अंगणात आलं, शिवानंद आला नाही. आत्तीची छाती भात्यासारखी चाललेली. मी त्याला नाही नाही ते बोलले — खाल्ल्या घराला विसरला, पैशानं बाटला, सगळं. मामांचं तोंड बघवत नव्हतं. आपलाच शब्द खरा झाल्याचं दुःख!

कान्हूकाकांचा गुडघा उचलत नाही. मग पुढं हे आणि मामा, मागं शकुंतलाबाई आणि मी. मामा म्हणाले, बायका दांड्याला खांदा देत न्हाईत.

"बघायला तरी कोण उरलंय?" मी म्हटलं.

मामांच्यानं चढ होईना. दहा पावलं टाकली की टेकायचं. ते दांडा उतरवून बसायचे आणि झोळीकडं पाठ करायचे. ओहोळाजवळ आत्तीनं हात बाहेर काढला, माझा पदर धरला. विचारलं, "शिवा आला व्हय?"

मी म्हटलं, हाय वाटेत, येतोय.

बरं म्हणाली. त्यानंतर काही बोलली नाही. वजन तेवढं जड झालं. मला कळलं. शकुंतलाबाईलाही कळलं असणार, ती रडायला लागली. आम्ही दोघींनी पुढच्यांना सांगितलं नाही. चालत राहिलो.

गेटाला पोचलो तर आडव्या बांबूच्या पलीकडं शिवानंद बसलेला. बरोबर तिघं. खांद्यावर टॉवेलाची घडी, झोळीला येताना घालतात तशी. पहाटेपासून तिथंच होते. गेटवाल्यानं आत सोडलं नव्हतं. तुमची नावं गावातून कमी झाली, आता तुम्ही बाहेरचे, वरून परवानगी आणा. वर फोन लागत नव्हता. पाया पडले त्याच्या, मग वाद घातला, मग परत पाया पडले. आणि मी इकडं त्याला शिव्या घालत होते.

झोळी खाली ठेवली. गाडीतल्या बाईनं आत्तीचा हात धरून बघितला आणि सोडला.

मामा उभेच. बांबूच्या अलीकडं ते, पलीकडं शिवानंद.  मग मामा म्हणाले, "शिवा, खांदा दे."

गेटवाल्यानं बांबू वर केला. पोरगेलासाच आहे, त्याचेही डोळे भरलेले. म्हणाला, मयतीबरोबर जायला परवानगी लागत नाही.

जिवंत माणसासाठी लागते!

१२ डिसेंबर

आत्तीला आपल्याच शेताच्या टोकाला माती दिली. वसाहतीतनं सगळे आले. एवढी माणसं वाडीत बघून कान्हूकाकांची कोंबडी बिथरली. नेताना खांदे नव्हते, माती द्यायच्या दिवशी बदलायला इतके होते की माझा कोणी मागितलासुद्धा नाही. खांद्याची साल गेलीय. लावायला तेल आत्ती कुठं ठेवायची तेच सापडेना.

२४ डिसेंबर

मामा सकाळी मांडावर गेले आणि नारळ उचलून घरी घेऊन आले. कोनाड्यात ठेवला. फोडला नाही.

मी चहा दिला तर कपाकडं बघत म्हणाले, "तुझ्या वेळंला कोण येईल गं?"

मला वाटलं होतं ते स्वतःचं विचारतील.

२७ डिसेंबर

शिवानंद आला होता. परवानगी काढून! पाहुण्यासारखा पायरीवर बसला. मी आत ये म्हटल्यावर आत आला. आत्ती शेवटी काय बोलली म्हणून विचारलं. तुझं नाव घेतलं म्हणून सांगितलं. बाकीचं मी माझ्याजवळच ठेवलं.

मामा आणि तो परसात बसून बराच वेळ बोलत होते. तिकडं वसाहतीत कणगी लावायला परस हाय का, मामा विचारत होते. हे मधेच उठून गेले.

९ जानेवारी

राहिलेली कणगी आज खणून झाली. मामांनी खणली, मी माती झाडली. डोळे सगळे पोत्यात भरले. खड्ड्यात परत काही ठेवलं नाही.